ताठर जवनिकेवर पंप तपासण्याआधी: बेंच टेस्टची तयारी

बेंच टेस्ट म्हणजे हृदयाला मदत करणारा पंप आधी टेबलावर, सिलिकॉनचं नकली हृदय, झडपा आणि नळ्या जोडलेल्या लूपमध्ये चालवून बघणं. पंप खोक्यातच राहू द्या. आधी डावी जवनिका (शरीराकडे रक्त ढकलणारा हृदयाचा खालचा कप्पा) खरंच ताठ झाली आहे का, ते बघायचं. नेहमीच्या एलव्हीएडी (डाव्या जवनिकेला मदत करणारा पंप) चाचणीतली मोठी, थकलेली, सैल जवनिका इथे कामाची नाही. हेफपेफमध्ये, म्हणजे ताठ जवनिकेच्या हार्ट फेल्युअरमध्ये, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला जवनिकेतून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा वाटा) ५० टक्के किंवा त्याहून जास्त असतं, पोकळी लहान असते, आणि अडचण असते ती भरण्यात. त्यामुळे जाड भिंतीची पण लवचिक सिलिकॉन जवनिका घ्या. अॅक्रिलिकचा डबा नको. त्याची भिंत आत ओढली जात नाही, म्हणजे सक्शन (पंपाने भिंत आत ओढली जाणं) कधी दिसणारच नाही.

दोन्ही झडपांच्या वाटा बंद करा, ड्राइव्ह (जवनिका दाबणारं यंत्र) बंद ठेवा आणि सिरिंजने १०-१० मिलि द्रव भरत दाब लिहून घ्या. ८० मिलिला साधारण १२, १०० ला २०, १२० ला ३४ मिमी पारा अशी वर वळत जाणारी रेघ मिळाली पाहिजे. सरळ रेघ आली तर फक्त नळी ताणली जाते आहे असं समजा. सिलिकॉन भरल्यावर हळूहळू सैलावतं, म्हणून प्रत्येक टप्प्यावर सारखंच थांबा. ३० सेकंद पुरतात.

ड्राइव्ह हवेवर चालणारा असेल तर डायस्टोलमधला (जवनिका भरतानाचा) व्हॅक्यूम शून्यावर आणा. जुन्या सेटिंगमध्ये तो चालूच राहतो, जवनिका द्रव स्वतःच खेचून घेते, कर्णिकेचा (जवनिकेच्या आधीच्या वरच्या कप्प्याचा) दाब छान उतरतो आणि पंप लावण्याआधीच ‘रुग्ण’ बरा झालेला असतो. मायट्रलच्या (कर्णिका आणि जवनिकेमधल्या झडपेच्या) जागी प्लंबिंगचा स्प्रिंगवाला चेक व्हॉल्व्हही नको. तो उघडायलाच काही मिमी दाब खातो आणि कर्णिकेचा आकडा खोटा वाढवतो.

रक्ताऐवजी वापरायचा द्रव दहा लिटर लागेल असं धरा: ४.४ किलो ग्लिसरीन, ६.६ किलो पाणी. मापाने नव्हे, वजनाने. २० अंशांना याची श्यानता (घट्टपणा) सुमारे ३.७ मिलिपास्कल-सेकंद असते, ३० अंशांना २.७ वर येते. एसी बंद पडलेल्या खोलीत सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळत नाहीत ते यामुळे. तापमान प्रत्येक नोंदीसोबत लिहा. क्लॅम्प-ऑन फ्लो प्रोब (नळीवर बाहेरून लावून ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारा) याच द्रवावर, मोजपात्र आणि घड्याळ घेऊन कॅलिब्रेट करा. ग्लिसरीनमध्ये आवाजाचा वेग वेगळा असतो.

सर्वात जास्त वेळ दाबाच्या शून्याला द्या. या द्रवात १० सेंमी उंचीचा फरक म्हणजे ८ मिमी पारा. महाधमनीच्या ९५ मध्ये तो कदाचित खपेल, पण कर्णिकेच्या २० मध्ये तो निकालच उलटवेल. सगळे ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारे सेन्सर) कर्णिकेच्या मध्याच्या पातळीवर बांधा, त्यांच्या नळ्यांतले बुडबुडे काढा, आणि पंप लावल्यावर शून्य पुन्हा तपासा.

महाधमनीच्या एअर चेंबरसाठी १.२ मिलि प्रति मिमी पारा लवचिकता हवी. हवेचं आकारमान निरपेक्ष दाबावर ठरतं. पुण्याच्या उंचीवर वातावरणाचा दाब ७६० नव्हे, ७१० च्या आसपास असतो, त्यात महाधमनीचे ९५ धरून ८०५, म्हणून ८०५ गुणिले १.२, सुमारे ९६५ मिलि. ठोक्याच्या वेगाने दाबलेली हवा याहून कडक वागते, तेव्हा लिटरभरापासून सुरू करून पल्स प्रेशर (ठोक्यातल्या सर्वात जास्त आणि सर्वात कमी दाबातला फरक) बघत वाढवा. कर्णिकेला वरून उघडी, ४ चौरस सेंमी छेदाची उभी नळी पुरते: साधारण ५ मिलि प्रति मिमी पारा. रुंद टाकी जोडली की कर्णिका फार सैल होते.

आता बेसलाइन. ७५ ठोके, ६० मिलि स्ट्रोक, म्हणजे ४.५ लिटर प्रति मिनिट. महाधमनी सरासरी ९५, उजवीकडचा दाब १०, म्हणजे रोध १.१३ मिमी पारा-सेकंद प्रति मिलि. कर्णिका २० च्या आसपास स्थिर राहिली तरच पुढे जा.

कॅन्युलासाठी (पंपाकडे द्रव नेणाऱ्या नळीसाठी) दोन जागा तयार ठेवा, जवनिकेच्या टोकाशी आणि कर्णिकेत. सुमारे २० मिमी जाडीचा कॅन्युला लहान पोकळीत शिरला की भिंत लगेच तोंडाशी चिकटते. तिथे दाबाचा वेगळा पोर्ट हवा. कर्णिकेतून महाधमनीकडे जोडताना धोका वेगळा: सिस्टोलमध्येही (जवनिका आकुंचन पावतानाही) दाबातला फरक मिटत नाही, ७०-७५ मिमी पारा सतत उभा असतो. पंपात झडप नसेल आणि वेग कमी असेल तर द्रव उलटा कर्णिकेत येतो. म्हणून आउटफ्लो ग्राफ्टला (पंपाकडून महाधमनीकडे जाणाऱ्या नळीला) क्लॅम्प, मग पंप वेगात, मग क्लॅम्प हळूहळू सैल. थांबवताना आधी क्लॅम्प. यूपीएस लावलेला असू द्या. वीज गेली की हीच उलटी धार सुरू होते.

वेग टप्प्याटप्प्याने वाढवा. प्रत्येक टप्प्यावर आकडे स्थिरावले की ३० सेकंद, ५०० हर्ट्झने नोंद. कर्णिकेचा दाब घसरून शून्याकडे गेला, किंवा महाधमनीची झडप उघडेनाशी झाली, तर तिथेच थांबा आणि तो वेग लिहून ठेवा. नंतर ११० ठोक्यांवर, कर्णिका २५ च्या वर नेऊन, हेच पुन्हा. डायस्टोल आखूड झाल्यावर पंपाचा खरा कस लागतो. शेवटी लूप रिकामा करून साध्या पाण्याने धुवा, ग्लिसरीन झडपांच्या बिजागऱ्यांत चिकटून राहतं.