या चुका टाळा: गोव्याच्या खाऱ्या हवेत ब्रेक, क्लच आणि सस्पेन्शन

गोव्यात कितीतरी घरांत रोजचा बाजार आणि कामधंदा स्कूटरवर होतो आणि गाडी अंगणात उभी असते. ती बाहेर निघते जत्रेला, लग्नाला, नाहीतर चवथीआधी बेळगावला खरेदीला. वर्षाकाठी मीटर पाच-सहा हजारांपुढे सरकत नाही, म्हणून मालक म्हणतो, "गाडी चाललीच नाही, सर्व्हिस कसली?" आणि हीच न चाललेली गाडी परतताना चोर्ला घाटात जळका वास सोडू लागते.

कंपनीच्या पुस्तकात "इतके किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते" असे लिहिलेले असते. आपण त्यातला पहिला अर्धाच वाचतो. कोरड्या मुलखात ते खपून जाईलही, इथे नाही. राज्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्यात समुद्रावरून येणारे मीठ. मीठ हवेतला ओलावा खेचते, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंड दमटच राहते. पाऊस गाडीचे छत आणि बॉनेट धुऊन काढतो, पण चाकाच्या कमानीच्या आतला, कॅलिपरच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) मागचा, स्प्रिंगच्या बुडाचा भाग तसाच राहतो. तिथे मीठ आणि तांबडी माती यांचा लेप बसतो. रोज चालणाऱ्या गाडीचे ब्रेक तापून कोरडे तरी होतात. उभ्या गाडीला तेवढेही सुख नाही.

म्हणून गोव्यातल्या गाडीची खालची तपासणी मी वर्षातून दोनदा करायला सांगेन: एकदा मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, आणि एकदा चवथ उरकून पाऊस ओसरल्यावर. तपासणी म्हणजे चारही चाके काढून. रिममधून टॉर्च मारून "पॅड आहेत अजून" सांगणे ही तपासणी नव्हे.

ब्रेक ऑइल कमी झाले की नुसते ओतणे

सगळ्यात जास्त होणारी चूक ही, आणि सगळ्यात कमी समजलेलीही. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी हळूहळू उतरते तेव्हा बहुतेक वेळा गळती नसते. पॅड झिजतात, कॅलिपरचा पिस्टन थोडा बाहेर येतो आणि त्याच्यामागची जागा ऑइल भरून काढते. म्हणजे उतरलेली पातळी ही पॅड बघण्याची सूचना असते. तुम्ही वरून ऑइल ओतलेत की सूचना पुसली गेली. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबले की जास्तीचे ऑइल डबीबाहेर येते आणि जिथे सांडेल तिथला रंग सोलून काढते. सांडलेच तर लगेच भरपूर पाणी मारा. पातळी एकाएकी खाली गेली असेल तर मात्र ती गळती समजा आणि गाडी हलवू नका.

दुसरी गोष्ट वयाची. डॉट 3 आणि डॉट 4 (ब्रेक ऑइलचे दर्जे, बाटलीवर लिहिलेले असतात) ही ऑइले हवेतले पाणी शोषतात. नवे डॉट 3 कमीत कमी 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, डॉट 4 साठी 230. त्यात 3.7 टक्के पाणी शिरले की हेच आकडे 140 आणि 155 वर येतात. सपाट रस्त्यावर तुम्हाला फरक कळणार नाही. अनमोड घाट उतरताना ब्रेक तापले, ऑइलमधले पाणी उकळले, की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. त्यामुळे पॅडल सरळ खाली जाते आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदलणे हा खर्च बाकीच्या बिलाच्या मानाने किरकोळ आहे. किनारपट्टीवर राहणाऱ्याने तो टाळू नये, मीटर काहीही म्हणो.

शेडमध्ये वर्षभर अर्धी उघडी पडलेली बाटली वापरू देऊ नका. तिने आधीच पाणी पिऊन ठेवलेले असते. डॉट 5 हे सिलिकॉनचे, ते यात कधीच मिसळायचे नाही. डॉट 5.1 वेगळे, ते सिलिकॉनचे नसते, नावाला फसू नका. आणि इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचे ऑइल "आजच्यापुरते" ओतले तर आतली सगळी रबरे फुगतात. मग मास्टर सिलिंडरपासून (पॅडलचा दाब ऑइलला देणारा भाग) कॅलिपरपर्यंत सगळे उघडावे लागते.

पॅडल काय सांगते ते ओळखता आले तर गॅरेजमधली निम्मी चर्चा वाचते. स्पंजासारखे मऊ लागले, दोन-तीनदा मारल्यावर वर आले, तर बहुधा नळीत हवा. सिग्नलला पाय स्थिर ठेवूनही पॅडल सावकाश खाली सरकत असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय. दगडासारखे कडक झाले तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप. ब्रेक मारताना पॅडल थरथरते आणि स्टीअरिंगही हलते, तर डिस्क असमान झाली आहे. जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली खडखड झाली तर ते एबीएस (चाके अडकू न देणारी यंत्रणा) आहे, बिघाड नाही. पाय उचलू नका.

पावसात हॅण्डब्रेक ओढून गाडी ठेवणे

मागच्या चाकांना ड्रम असलेल्या गाडीत ओले शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे भाग) ड्रमला चिकटतात. आठ दिवसांनी गाडी काढायला गेलात की मागची चाके फिरतच नाहीत. अंगण सपाट असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी वर, आणि चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळा किंवा चिरा लावा. चिकटलीच तर पहिला आणि रिव्हर्स आलटून पालटून हळू हलवून बघा. "टक" आवाज होऊन सुटते. दोन-चारदा करूनही सुटली नाही तर ॲक्सलरेटर दाबून ओढू नका. शूचे लायनिंग उखडते. चाक काढून ड्रमवर हलके ठोकले की काम होते.

सकाळी डिस्कवर दिसणारा तांबूस थर मात्र नुसता वरचा गंज असतो. पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये तो जातो, पॉलिश पेपर घेऊन बसण्याची गरज नाही. महिनाभर उभ्या गाडीच्या डिस्कला खड्डे पडले असतील तर गोष्ट वेगळी, आणि ते बोट फिरवल्यावर कळते.

घाट ब्रेकवर उतरणे

केरीकडे उतरताना चोर्ल्याची वळणे, मोलेकडे उतरणारा अनमोड, काणकोणच्या वाटेवरचा करमल घाट: तिन्हीकडे पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट अखंड पेटलेले दिसतात. ज्या गिअरमध्ये तो चढ चढाल त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुना नियम अजून बरोबर आहे. ऑटोमॅटिकवाल्यांनी एल, 2 किंवा मॅन्युअल मोड वापरावा. तो कुठे आहे हे घाटाच्या वर नव्हे, घरी असताना शोधून ठेवावे. ब्रेक मारायचा तो ठामपणे, वेग उतरवायचा आणि पाय काढायचा. पॅडलवर पाय नुसता टेकवून ठेवला की पॅडना थंड व्हायला उसंतच मिळत नाही.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणे हा निव्वळ गैरसमज. गिअरमध्ये ॲक्सलरेटर सोडून उतरताना आजच्या इंजिनात इंधन बहुतेक वेळ बंदच असते, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळते. इंजिन बंद करून उतरणे तर जिवावरचे: बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन ब्रेकपुरता उरतो, मग पॅडल दगड. आणि वास आला म्हणून थांबून तापलेल्या डिस्कवर ओढ्याचे पाणी ओतू नका. डिस्क वाकडी होते, कधी तडकते. अर्धा तास थांबा, चहा घ्या.

खालून काळे तेल किंवा डिझेल मारून घेणे

पावसाआधी जुने इंजिन ऑइल, नाहीतर डिझेल, खालून फवारले की गंज धरत नाही, हा सल्ला जुनी मंडळी अजून देतात. पत्र्याला त्याचा थोडा उपयोग होत असेलही. पण तेच तेल लोअर आर्मच्या बुशांवर (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरे), स्टॅबिलायझरच्या रबरांवर आणि ॲक्सल बूटवर बसते आणि रबर फुगून मऊ पडते. डिस्कवर उडाले तर ब्रेकच जातो. खालून गोड्या पाण्याचा मारा, मग गाडी चालवून वाळवणे, हे पुरेसे आहे. कोटिंग करायचेच असेल तर गंज खरवडून, पूर्ण वाळवून; मातीवरच मारलेले कोटिंग ओल आत कोंडून ठेवते. (किनाऱ्यावर वाळूत गाडी नेणे गोव्यात बेकायदा आहे, तेव्हा त्या विषयावर सल्ला मागूच नका.)

पॅड बदलले, पण पिना तशाच

कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या इथे गंजून घट्ट होतात. मग फक्त पिस्टनच्या बाजूचा पॅड काम करतो. बाहेरून पाहिले तर पॅड जाड, आतला मात्र लोखंडाला टेकलेला. नवा पॅड साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो, 3 वर आला की बदलायचा. आणि माप आतल्या पॅडचे घ्यायचे. पिना काढून, साफ करून, ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावून बसवल्या का, हे विचारा. साधे पिवळे ग्रीस तिथल्या रबराला खाते. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकत्र बदला. डिस्क लेथवर घासून घेण्याआधी तिच्यावर कोरलेली किमान जाडी वाचायला लावा. त्याखाली जाणार असेल तर घासायचे पैसे वाया.

आवाजाकडे कानाडोळा: बूट, क्लच, बुश

ॲक्सलचा रबरी बूट फाटला की चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतात. तेव्हाच बदलला तर खर्च थोडा. एक पावसाळा काढला तर वाळू आणि पाणी सीव्ही जॉइंटमध्ये (ॲक्सलच्या टोकाचा वळणारा सांधा) जाते आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून निघताना "कट-कट-कट" ऐकू येते. तिथून पुढे बूट बदलून भागत नाही. वेगाबरोबर वाढणारी आणि गाडी वळवल्यावर बदलणारी घरघर असेल तर ती व्हील बेअरिंगची, टायर बदलून जाणार नाही. गुडघाभर पाण्यातून गाडी गेली असेल तर गिअर ऑइलही तपासा. दुधी दिसले तर पाणी शिरले आहे.

क्लचचे हाल पाहायचे तर चोडण किंवा दिवाडी बेटाच्या फेरीबोटीच्या रांगेत उभे राहा. ओहोटीला रॅम्पवर उतार जास्त वेळ सोसावा लागतो, आणि तिथे हॅण्डब्रेक ओढायचा सोडून लोक हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात. दहा मिनिटे रांग सरकत नाही आणि प्लेट जळत राहते. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, हे क्लच घसरू लागल्याचे लक्षण. क्लचचे पॅडल वर येत नसेल तर लगेच क्लच प्लेटचे बिल मान्य करू नका; कित्येक गाड्यांत क्लचलाही त्याच डबीतले ब्रेक ऑइल जाते, आधी ते बघायला सांगा.

सस्पेन्शनमध्ये पैसे वाया जातात ते अंदाजाने भाग बदलण्यात. बारीक खडबडीवर हलकी खडखड येते ती बहुधा स्वस्तातल्या लिंक रॉडची (स्टॅबिलायझरला जोडणारी दांडी) असते, आणि बदलला जातो महागडा शॉकअप. स्टीअरिंग जागेवर फिरवताना कट्ट आवाज झाला तर स्ट्रट माउंट (शॉकअपची वरची बैठक) बघा. गतिरोधकावर जड ठोका बसला तर बॉल जॉइंट किंवा लोअर आर्मचे बुश. शॉकअपवर ओलसर धुळीचा थर चालतो, ओघळ चालत नाही. आणि बदलायचे तर जोडीने.

गावागावांतल्या उंच गतिरोधकांना खाली घासते म्हणून स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालण्याची टूम आहे. ती माझ्या मते सरळ नुकसानाची. ज्या वेढ्यांत बफर बसतो ते काम करत नाहीत, उरलेल्यांवर ताण येतो, आणि रबर आणि लोखंड यांच्यामध्ये खारी ओल अडकते. स्प्रिंग नेमकी तिथेच गंजून तुटू शकते. त्यापेक्षा ब्रेक गतिरोधकाच्या आधी मारा आणि चाक चढताना सोडा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचे नाक आधीच खाली गेलेले असते.

नवे बुश बसवताना गाडी लिफ्टवर टांगलेली असतानाच बोल्ट पूर्ण आवळले जातात. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. शेवटचे आवळणे गाडीचा भार चाकांवर आल्यावर. त्यानंतर अलाइनमेंट. आणि काढलेले जुने भाग डिकीत टाकून मागा. पॅड एका टोकाला जास्त झिजला असेल, बुश एकाच बाजूने फाटले असेल, तर ते दाखवून कारण विचारा. नुसता नवा भाग घालून पाठवणारा मेकॅनिक पुढच्या मे महिन्यात तेच बिल परत काढेल.