दहावीनंतर कृषी शिक्षणाकडे वळताना या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की गावोगावी एकच सल्ला ऐकू येतो: घरची शेती आहे, तेव्हा मुलाला ॲग्रीला घाला. सल्ला वाईट नाही, परंतु ‘ॲग्री’ या एका शब्दात किमान चार वेगवेगळ्या वाटा दडलेल्या असतात आणि प्रत्येक वाटेची पात्रता अकरावीच्या प्रवेश अर्जातच ठरत जाते. विषय निवडताना झालेली चूक बहुधा दोन वर्षांनी, बारावीचा निकाल हातात असताना उघडकीस येते आणि तोपर्यंत दुरुस्तीचे मार्ग फार थोडे उरलेले असतात.

सर्वाधिक नुकसान करणारी चूक पीकशास्त्र या विषयाबाबत होते. महाराष्ट्रातील अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखेला पीकशास्त्र, मत्स्यशास्त्र, पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय यांसारखे २०० गुणांचे द्विलक्षी (बायफोकल) व्यावसायिक विषय उपलब्ध असतात. असा विषय घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडावा लागतो आणि तो ऐच्छिक विषय कोणता, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. जीवशास्त्र सोडून पीकशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला पशुवैद्यकीय पदवीसाठी ‘नीट’ या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेला बसताना अडचण येते, कारण त्या प्रवेशाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हाच गट लागतो. गणित सोडले तर कृषी अभियांत्रिकीचा, म्हणजे ट्रॅक्टर, सिंचन, मृद व जलसंधारण आणि काढणीपश्चात प्रक्रिया यांच्याशी संबंधित बी.टेक.चा रस्ता अडतो. बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी या मुख्य पदवीला गणिताचा गट चालतो आणि जीवशास्त्राचाही. त्यामुळे ‘ॲग्रीला काहीही चालते’ असा समज पसरतो आणि तो इतर अभ्यासक्रमांनाही सरसकट लावला जातो. गुरांच्या दवाखान्यात रमणाऱ्या मुलीने जीवशास्त्र सोडू नये आणि यंत्रात हात घालणाऱ्या मुलाने गणित सोडू नये, इतके तरी पालकांनी पाहावे. दोन्हींपैकी काहीच ठरलेले नसेल, तर गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवून पीकशास्त्राचा मोह टाळणे अधिक सुरक्षित आहे.

या मोहाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. पीकशास्त्रामुळे बारावीची टक्केवारी वाढते, कारण त्यात प्रात्यक्षिकाचे गुण भरपूर असतात. परंतु एमएचटी-सीईटी या राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेत पीकशास्त्राचा एकही प्रश्न नसतो. या परीक्षेत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न ५० गुणांसाठी असतात, जीवशास्त्राचे १०० प्रश्न १०० गुणांसाठी आणि गणिताचे ५० प्रश्न १०० गुणांसाठी असतात. म्हणजेच निम्मी परीक्षा गटाच्या मुख्य विषयावर उभी असते. उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणे हा निव्वळ तोटा आहे. अभ्यासक्रमात अकरावीचा भार सुमारे २० टक्के आणि बारावीचा सुमारे ८० टक्के असतो. तरीही अकरावी हे ‘विश्रांतीचे वर्ष’ मानणारे विद्यार्थी बारावीत रसायनशास्त्राच्या मूलभूत संकल्पनांपाशीच अडखळतात. अकरावी वाया गेली असेल, तर सगळे पुस्तक नव्याने वाचत बसण्यापेक्षा सीईटीसाठी जाहीर केलेले अकरावीचे निवडक घटक तेवढे घ्यावेत. जीवशास्त्र पक्के असेल तर त्या विद्यार्थ्याने केवळ ‘पर्याय असावा’ म्हणून दोन्ही गटांच्या परीक्षा देत शक्ती विभागू नये, असे माझे मत आहे. ज्याचे दोन्ही विषय खरोखर तयार आहेत त्याने मात्र अवश्य द्याव्यात.

कागदपत्रांची चूक लहान वाटते, पण तिने हातातोंडाशी आलेली जागा जाते. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत करावा. निकालानंतर जात पडताळणी समितीच्या कार्यालयाबाहेर रांग लावून काही साधत नाही. उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे (नॉन-क्रीमी लेयर) प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, हे त्यावरच छापलेले असते, तरीही ते वाचले जात नाही. शेतजमीनधारक कुटुंबातील विद्यार्थ्यांना कृषी प्रवेशात अधिभार, म्हणजे वाढीव गुण, देण्याची तरतूद आहे. परंतु अनेक घरांत सातबारा अजून आजोबांच्या नावावर असतो, वारसनोंद रखडलेली असते आणि फेरफार मंजूर व्हायला वेळ लागतो. कोणाच्या नावावरचा उतारा चालतो आणि तलाठ्याचा दाखला कोणत्या नमुन्यात हवा, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. मागल्या वर्षी शेजारच्या मुलाचे ज्या कागदावर काम झाले, त्याच कागदावर आपलेही होईल असे गृहीत धरू नये.

महाविद्यालय निवडताना इमारत, वसतिगृह आणि जाहिरातीतील हिरवीगार पॉलिहाऊसे पाहिली जातात. संलग्नता मात्र पाहिली जात नाही. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे असून, खाजगी महाविद्यालय यांपैकी कोणाशी संलग्न आहे आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे का, हे दोन प्रश्न प्रवेशाआधी विचारलेच पाहिजेत. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी आणि काही भरतींत हा मुद्दा पुढे येतो, तेव्हा चार वर्षे आणि शुल्क दोन्ही खर्ची पडलेले असतात. पशुवैद्यकीय, मत्स्यविज्ञान आणि दुग्धतंत्रज्ञान हे अभ्यासक्रम नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतात. मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीच्या शिरगावलाही आहे, पण ते दापोलीच्या विद्यापीठाचे आहे. ही भानगड माहीत नसल्याने अर्ज भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

दहावीनंतरच्या कृषी पदविकेविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत. पहिला, ती नापासांसाठी आहे; दुसरा, तिच्यातून पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतोच. दुसरा समज अधिक घातक आहे, कारण थेट प्रवेशाचे नियम पदविकेच्या प्रकारानुसार आणि वेळोवेळी बदलत आले आहेत. तोंडी आश्वासनावर विसंबून प्रवेश घेऊ नये. कृषी सेवक पदाची भरती, खते-कीटकनाशके विक्रीचा परवाना, कंपन्यांतील क्षेत्रीय कामे यांसाठी पदविका उपयोगी पडते. बँकांच्या कृषी अधिकारी पदासाठी मात्र आयबीपीएस या बँक भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेची अट चार वर्षांच्या पदवीची आहे. ज्याला लवकर कमावते व्हायचे आहे आणि घरचे कृषी सेवा केंद्र चालवायचे आहे, त्याने पदविका घ्यावी. बँकेचे किंवा राज्यसेवेचे स्वप्न असलेल्याने ती सोयीची वाट म्हणून धरू नये.

यानंतरची चूक शाळा आणि महाविद्यालय मिळून करतात: प्रात्यक्षिक वहीतच होते. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करीत शिकण्याचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम उभा केला. त्यात शेती-पशुपालनाइतकेच महत्त्व अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य यांना आहे. अनेक शाळांत मात्र शेतीचा तास आकृत्या काढण्यात संपतो आणि तोंडी परीक्षेत बीजप्रक्रियेचा क्रम विचारला की मुले गप्प होतात. क्रम साधा आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियमसारखे जिवाणू संवर्धन, उलटे केले तर रसायनाने जिवाणूच मरतात.

यावर उपाय म्हणून विद्यार्थ्याने मे महिन्यात घरच्या सोयाबीनची उगवण तपासून पाहावी. न निवडलेल्या बियाण्यातून सरसकट १०० दाणे मोजून घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडावेत, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी सावलीत ठेवावी आणि रोज पाणी शिंपडावे. साधारण आठवड्याने गुंडाळी उलगडून फक्त सरळ, निरोगी कोंब मोजावेत. वाकडे, तुटके, बुरशी धरलेले मोजू नयेत. इथेच बहुतेक जण स्वतःची फसवणूक करतात आणि ६२ चे ७४ करतात. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. त्याखाली आकडा गेला तर पेरणीचे प्रमाण वाढवावे लागते किंवा बियाणे बदलावे लागते. सोयाबीनचे टरफल पातळ असल्याने मळणी यंत्राचा वेग जास्त असला तरी दाणा आतून दुखावतो, हेही कमी उगवणीमागचे कारण शोधताना कळते. असे तीन संच लावून तारखेसह लिहिलेले एक पान मुलाखतीत कोणत्याही सहभाग प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते.

मातीचा नमुना घेतानाही हेच होते. बांधालगतची, शेणखताच्या ढिगाखालची किंवा नुकतेच खत दिलेल्या जागेची माती पिशवीत भरली जाते आणि अहवालावर सारे विसंबतात. शेतात नागमोडी फिरून इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावेत, त्यांच्या कडेची माती एकत्र मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जावे आणि अर्धा किलो उरली की ती सावलीत वाळवून चिठ्ठी लावावी.

नोकरीच्या बाबतीत सरकारी भरतीच्या वाटेकडे डोळे लावून बसणे ही सर्वांत लांबणारी चूक आहे. राज्य लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवेची तयारी जरूर करावी, पण तिला मुदत घालावी. केंद्राची कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र ही योजना २००२ पासून आहे. हैदराबादच्या मॅनेज या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेच्या देखरेखीखाली तिचे मोफत निवासी प्रशिक्षण होते आणि कर्जाशी जोडलेले अनुदान सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के मिळते. पदवीधरांबरोबर पदविकाधारकांनाही ती खुली आहे. बारावीला कृषीविषयक अभ्यासक्रम घेऊन किमान ५५ टक्के गुण मिळविलेल्यांचाही पात्रतेत समावेश आहे, आणि म्हणून पीकशास्त्र घेऊन सीईटीत मागे पडलेल्या विद्यार्थ्याने ‘आता काहीच उरले नाही’ असे ठरविण्याआधी जवळच्या प्रशिक्षण केंद्रात आपली गुणपत्रिका दाखवून विचारणा करावी.