48 तास म्हणजे नेमके किती तास?

झेब्राफिशच्या लॅबमध्ये नवीन आलेल्याला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी सांगितल्या जातात: भ्रूण पारदर्शक असतात आणि सगळं झटपट होतं. दोन्ही खरं आहे. घात होतो तो दुसरीमुळे.

रेटिनातल्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या, गँग्लिऑन पेशी डोळ्यातला संदेश मेंदूकडे नेतात. त्यांचे ॲक्सॉन, म्हणजे लांब तंतू, अंडं फळल्यापासून साधारण 34 ते 36 तासांना शरीराची मध्यरेषा ओलांडतात, 46 ते 48 तासांना टेक्टमच्या, म्हणजे मेंदूतल्या दृष्टीच्या केंद्राच्या, उंबरठ्यावर पोचतात आणि 72 तासांपर्यंत टेक्टमभर पसरतात. या माशात ते सगळेच पलीकडच्या बाजूला जातात, त्यामुळे वाट चुकलेला ॲक्सॉन चटकन नजरेत भरतो. म्हणून जवळपास प्रत्येक नवखा हाच प्रयोग आखतो: एखादा जीन क्रिस्परने (अंड्यात टोचायचं, जीन कापणारं तंत्र) मोडायचा, 48 तासांना भ्रूण फिक्स करायचे, म्हणजे रसायनाने आहेत तसे गोठवायचे, आणि ॲक्सॉन पोचलेत का ते बघायचं. ते पोचलेले नसतात. मग सादरीकरणाच्या स्लाइडवर 'ॲक्सॉन गायडन्समधला दोष', म्हणजे ॲक्सॉनना वाट सापडत नाही, असं ठळक अक्षरात येतं. आणि मागच्या रांगेतून कोणीतरी शांतपणे विचारतं, "भ्रूणच मागे पडलेत असं नाही ना?" या प्रश्नाला उत्तर नसेल, तर त्या स्लाइडमागचे सगळे महिने बुडीत खात्यात जमा.

पुस्तकात छापलेले तास 28.5 अंशांचे असतात. माशाला घड्याळ कळत नाही, पाण्याचं तापमान कळतं. किमेल या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 1995 साली वाढीच्या टप्प्यांचा जो तक्ता दिला, त्यातच याचं गणित आहे. तक्ता सगळे भिंतीवर लावतात, गणित कोणी करत नाही. तापमानाला 0.055 ने गुणा आणि 0.57 वजा करा. येईल तो वाढीचा वेग. 28.5 ला तो जवळजवळ 1 येतो, 26 ला 0.86. म्हणजे 26 अंशांत 48 तास काढलेला भ्रूण प्रत्यक्षात 41 तासांचा असतो. त्याचे ॲक्सॉन टेक्टमला पोचलेले नसतात, कारण अजून त्यांची वेळच आलेली नसते. 25 अंशांवर हाच टप्पा गाठायला जवळपास 60 तास लागतात. उलट 31 अंशांवर 48 तासांत भ्रूण 54 तासांचा होऊन बसतो. हे सूत्र 25 ते 33 अंशांपुरतंच वापरा. त्याबाहेर भ्रूण ठेवायचेच नाहीत.

"आमचा इन्क्युबेटर 28.5 वरच असतो" हे वाक्य ऐकलं की अंगावर काटा येतो. डिस्प्लेवरचा आकडा हवेचा असतो, तोही सेन्सरजवळच्या. पेट्री डिशमध्ये पाणी भरा, त्यात थर्मामीटरचा प्रोब बुडवा आणि वरच्या, मधल्या, खालच्या अशा प्रत्येक कप्प्यात रात्रभर ठेवून नोंद घ्या. कप्प्याकप्प्यात फरक निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. मुंबईत याला आणखी एक फाटा आहे. स्वस्त इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात रविवारी एसी बंद राहिला आणि खोली 33 वर गेली, तर आतलं पाणीही 33 च्या खाली येणार नाही. याच्या उलट, एसी 23 वर ठेवलेल्या मायक्रोस्कोपच्या खोलीत डिशेस विसरल्या की भ्रूण तिथेच रेंगाळतात. संध्याकाळी सात ते सकाळी नऊ हे 14 तास 25 अंशांत गेले तर पावणेतीन तास गमावले. मध्यरेषेपासून टेक्टमपर्यंतचा प्रवासच मुळी बारा तासांचा असतो, हे लक्षात घ्या.

क्रिस्परचं इंजेक्शन दिलेले भ्रूण आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले भ्रूण, यांच्यात फरक इथेच पडतो. इंजेक्शनवाले दोन-तीन तास बाकावर, सुईखाली, मग वर्गवारीसाठी पुन्हा बाहेर. कंट्रोल मात्र गोळा केल्या केल्या इन्क्युबेटरमध्ये जाऊन सुखाने झोपलेले. शिवाय कंट्रोलच्या डिशमध्ये 150 आणि इकडे 30, म्हणजे दाटीचा फरक वेगळाच. 90 मिमीच्या डिशमध्ये साधारण 30 मिली माध्यम (भ्रूणांचं क्षारयुक्त पाणी) आणि 50 च्या वर भ्रूण नकोत. मेलेली पांढरी अंडी त्याच संध्याकाळी काढा. कंट्रोल त्याच जोडीच्या त्याच अंड्यांतले, नुसतं कॅस9 (क्रिस्परमधलं कापणारं प्रथिन) टोचलेले, तितकाच वेळ बाकावर बसलेले आणि त्याच कप्प्यात ठेवलेले हवेत. न टोचलेली भावंडं हवीतच, पण ती एकटी पुरत नाहीत.

अंड्यांची जन्मवेळही सांभाळा. रात्री नर-मादीमध्ये पडदा घालून ठेवायचा, सकाळी दिवे लागल्यावर काढायचा आणि दर 20 मिनिटांनी अंडी गोळा करून प्रत्येक खेप वेगळ्या डिशमध्ये ठेवायची. "दहाच्या सुमारास घातली" असं वहीत लिहिलं की तुम्ही स्वतःच तासाभराचा घोळ मोजमापात घातला. पहिलं विभाजन पाऊण तासात होतं, एवढ्यावरूनही वेळ ताडता येते.

आता धीराची गोष्ट. हे सगळं बिघडलं तरी भ्रूण आपलं वय स्वतः सांगतो, विचारायची तसदी घ्यावी लागते एवढंच. डोळा आणि कानाची पुटिका (जिच्यातून पुढे कान बनतो ती पिशवी) यांतून एक रेघ काढा, धडाच्या मध्यावर नोटोकॉर्डला, म्हणजे भ्रूणाच्या पाठीतल्या आधारदांड्याला, समांतर दुसरी. या दोन रेघांमधला कोन 24 तासांना साधारण 120 अंश असतो, 36 ला 75, 48 ला 45 आणि 72 ला 25. डोकं वर येत जातं तसा तो घटतो. फिक्स करण्याआधी प्रत्येक गटातल्या दहा भ्रूणांचे एका बाजूने फोटो काढा आणि कोन मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे. कोन जुळले नाहीत तर घड्याळ विसरा, कोन जुळेपर्यंत थांबा आणि मग फिक्स करा. तोच जीन एकूण वाढही मंदावत असेल अशी शंका आली तर 60 आणि 72 तासांचे गटही ठेवा. 72 ला ॲक्सॉन नीट पसरलेले दिसले तर तो उशीर होता. चुकीच्या बाजूला गेलेले, टेक्टमबाहेर भरकटलेले दिसले तरच दोष म्हणा.

ॲक्सॉन पाहण्यासाठी आयएसएल2बी-जीएफपीसारखी ट्रान्सजेनिक लाइन, म्हणजे या पेशी हिरव्या चमकतील असा जीन घातलेला माशांचा वंश, असेल तर उत्तमच. नसेल तर रडत बसू नका. 4 टक्के पीएफएमध्ये (पॅराफॉर्मल्डिहाइड, फिक्स करायचं रसायन) फिक्स केलेल्या पिल्लाच्या एका डोळ्यात, भिंग आणि रेटिना यांच्यामध्ये डीआय-आय हा ॲक्सॉनभर पसरणारा चमकता रंग टोचा, रात्रभर ठेवा आणि दुसरा डोळा काढून टेक्टम बाजूने बघा. डीआय-आय स्निग्धात विरघळतो, तेव्हा ट्रायटन किंवा मिथेनॉल त्याच्या जवळपास आणायचं नाही. एकदा धुतलं की गेला.

पीटीयू या रंगद्रव्य रोखणाऱ्या औषधाबद्दल माझं मत कडवट आहे. 0.003 टक्के पीटीयू 24 तासांच्या आत सुरू केलं की काळा रंग तयार होत नाही आणि चित्र सुंदर येतं, पण डोळा लहान राहतो आणि थायरॉइडच्या कामात ढवळाढवळ होते. डोळ्यांच्या विकासाचा अभ्यास करायचा आणि डोळे लहान करणारं औषध घालायचं, याला काय म्हणावं? शक्य असेल तिथे नेकर लाइन वापरा. तिच्या अंगावर काळ्या पेशी नसतात, डोळ्यामागचं रंगद्रव्य मात्र शाबूत असतं, त्यामुळे तिला नीट दिसतं.

पिल्लाला दिसतं का, हे तपासायची फुकटची युक्ती रंगीत, म्हणजे अंगावर काळ्या पेशी असलेल्या, लाइनमध्येच चालते. पाचव्या दिवशी पांढऱ्या पृष्ठभागावर, भरपूर उजेडात अर्धा तास ठेवा. दिसणारी पिल्लं फिकट होतात, आंधळी काळीच राहतात. गँग्लिऑन पेशीच नसलेला लॅक्रिट्झ म्युटंट (जीन बिघडलेला मासा) असाच ओळखू येतो. मात्र काळं दिसलेलं प्रत्येक पिल्लू आंधळं नसतं; पुढे पट्ट्यांच्या फिरत्या ड्रमवर डोळ्यांची हालचाल तपासायलाच हवी. त्यासाठी पिल्लू 3 टक्के मिथिलसेल्युलोजच्या दाट, चिकट द्रावणामध्ये, पाठ वर करून बसवा. बुडबुडे राहिले तर तासभर डिश तशीच ठेवा, ढवळू नका. हवेची पिशवी न फुगलेली पिल्लं आधीच बाजूला काढा.

कॅल्शियम इमेजिंगला, म्हणजे जिवंत मेंदूतल्या पेशींचं काम चमकीवरून बघायला, दोन वाक्यं पुरतील. ट्रायकेन हे भुलीचं औषध चेतापेशींचे सोडियम चॅनेल अडवतं, त्यामुळे त्यात ठेवलेल्या पिल्लाच्या मेंदूचं काम बघणं म्हणजे झोपलेल्याला प्रश्न विचारणं. 488 नॅनोमीटरचा निळा लेसर माशाला चक्क दिसतो; दृष्टीचा प्रयोग असेल तर 920 च्या आसपासच्या, न दिसणाऱ्या लेसरचा टू-फोटॉन मायक्रोस्कोप मिळवा.

मासे क्रॉफर्ड मार्केटमधून आणू का, असं नवखे विचारतात. नको. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला हा आपलाच मासा, पण आपण वापरतो त्या लाइन्स ऑरेगॉन आणि ट्युबिंगेनच्या, कारण त्यांचा वंश माहीत आहे. दुकानातल्या माशाचा वंश कोणाला ठाऊक नसतो, आणि स्यूडोलोमासारखा परजीवी त्याच्या मज्जारज्जूत घर करून बसलेला असू शकतो. मेंदूवर काम करणाऱ्याने तो आपल्या हाताने फिश रूममध्ये सोडू नये.

मेंटॉर निवडताना त्यांचे पेपर जरूर वाचा, पण फिश रूम सांभाळणाऱ्या माणसाशी दहा मिनिटं बोला. कुठल्या टाकीची मादी कधी अंडी देते, पंप कधी कुरकुरतो, हे त्यालाच माहीत असतं. तो माणूस दर सहा महिन्यांनी बदलत असेल तर ती लॅब टाळा. सेट, नेट यांसारख्या परीक्षांपैकी कुठली द्यायची ते तुम्हाला कळतं. संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी कुठल्या प्रयोगांना लागते, हे मात्र रुजू होण्याआधी विचारा. मंजुरी अडली की प्रयोग अडतो.

आणि दिव्यांचं चक्र 14 तास उजेड, 10 तास अंधार असं असतं, पण ते सुरू कधी व्हावं हे टायमरच्या हातात आहे. कर्जत-कसाऱ्याहून येऊन मुंबईच्या पार दुसऱ्या टोकाचं नेव्हीनगर गाठायचं असेल तर दिवे साडेदहाला लावा. माशांना जुळवून घ्यायला एक-दोन आठवडे द्या, तेवढ्यात अंडी कमी आली तर घाबरू नका. टायमरवर मात्र मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा, नाहीतर कोणीतरी सद्भावनेने तो पुन्हा नऊवर आणून ठेवेल.