पुसायची रेघ, राहायची रेघ: वर्कशॉपमधली मार्किंगची हत्यारं निवडताना

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं शेड आहे. काम बहुतेक यंत्रमागांचं: झिजलेली चाकं, ब्रॅकेट, बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) साइड फ्रेमला नवी भोकं. नवीन पोरगं कामाला लागलं की पहिला आठवडा त्याला मशिनला हात लावू देत नाही, कापण्याआधी धातूवर मापाच्या रेघा मारायला, म्हणजे मार्किंगला, बसवतो. हत्यार उचलण्याआधी त्याने एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: ही खूण काम झाल्यावर पुसायची आहे की कायम राहायची आहे? हत्यारं विकत घेतानाही मी हाच प्रश्न धरून चालतो.

हे माझ्या डोक्यात लहानपणीच बसलं. वडील चादरीच्या जॅकार्डची पंचकार्डं, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची पुठ्ठ्याची कार्डं, कापायचे. ग्राफवरच्या नक्षीत एक चौकोन चुकला तर खोडरबराने जातो. तोच चुकून कार्डात कापला गेला की त्या कार्डावरच्या प्रत्येक चादरीत उतरतो. लोखंडाचंही तसंच आहे. रेघ असेपर्यंत चूक फुकट सुधारता येते.

पहिला पैसा गुण्यावर, म्हणजे काटकोन धरायच्या हत्यारावर, घाला. सुरुवातीच्या काळात मी एक स्वस्त गुण्या घेतला आणि तो बरोबरच असणार असं धरून बारा भोकांची प्लेट मारली. शेवटची भोकं जवळपास एक मिलिमीटर बाजूला गेली. नवी प्लेट होईपर्यंत गिऱ्हाइकाचा माग दोन पाळ्या बंद राहिला. तेव्हापासून गुण्या घ्यायला जाताना एक कड सरळ केलेली पत्र्याची पट्टी पिशवीत असते. गुण्या त्या कडेला टेकवून एक रेघ मारायची, मग गुण्या उलटा फिरवून त्याच बिंदूतून दुसरी मारायची. दोन्ही एकावर एक आल्या तर काटकोन खरा. फाकल्या तर वरच्या टोकाला जेवढी फट दिसते, तिच्या निम्मी गुण्याची चूक. दुकानदाराला राग आला तरी चालेल, पण हे तिथेच करा.

स्टीलची पट्टी घेताना आकडे कोरलेले आहेत का, हे नखाने बघा. नुसती छापलेली पट्टी तेलाच्या हातांत वर्षभरही टिकत नाही. पट्टीचं शून्याचं टोक सगळ्यात आधी झिजतं, म्हणून मी माप १० मिलिमीटरच्या रेघेपासून धरतो. शेवटी ते १० वजा करायला पोरं हमखास विसरतात, त्यामुळे मार्किंग दुसऱ्याकडून तपासून घेण्याची आमच्याकडे पद्धत आहे.

रेघ उठून दिसावी म्हणून आधी रंग लावतात, तो धातूप्रमाणे बदलतो. साफ केलेल्या लोखंडावर मोरचुदाचं पाणी अजूनही मला सगळ्यात आवडतं. मोरचूद पाण्यात विरघळवून त्यात गंधकाम्लाचे दोन-चार थेंब टाकायचे; आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात कधीच नाही. जॉबवर (कामाच्या तुकड्यावर) फासलं की तांब्याचा पातळ थर चढतो आणि त्यावर स्क्राइबरची (रेघ ओढायच्या टोकदार सळईची) रेघ पांढरी चमकते. हा थर हाताने पुसला जात नाही. मात्र पितळ आणि अॅल्युमिनियमला मार्किंग ब्लू हा निळा रंगच लावा, आणि ओल्या मोरचुदाचा जॉब सरफेस प्लेटवर (मार्किंगच्या सपाट लोखंडी पाटावर) ठेवू नका, प्लेट गंजते. ओबडधोबड बीडाला खडू पुरतो.

स्क्राइबर मी तीन ठेवतो. रोजचा पोलादी, टोक १२ ते १५ अंशांचं. ग्राइंडरवर धार लावताना तो सारखा पाण्यात बुडवा. टोक निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला. दुसरा कार्बाइडच्या (पोलादापेक्षा कडक पदार्थाच्या) टोकाचा, कडक पोलादासाठी. त्याला धार लावायला ग्राइंडरचं हिरवं चाक किंवा डायमंडचं चाक लागतं. तिसरा पितळेचा. जस्ताच्या पत्र्यावर पोलादी टोक चालवलं तर वरचा थर कापला जातो आणि नेमका तिथून गंज धरतो. पत्रा जिथे वाकवायचा आहे, तिथेही खोल रेघ नको. तडा तिथूनच जातो.

पंच, म्हणजे हातोडीने ठोकून खूण करायची हत्यारं, दोन लागतात. ६० अंशांचा डॉट पंच रेघेवर हलक्या खुणा करायला, आणि ९० अंशांचा सेंटर पंच ड्रिलचं टोक बसवायला. आधी डॉट, मग भिंगातून बघा. सरकलेला असेल तर पंच तिरका धरून खूण परत दोन रेघांच्या चौकात ओढता येते. सेंटर पंचाचा जोरदार ठोका बसला की मग ती संधी राहत नाही.

दशांश मिलिमीटरचं काम आल्याशिवाय हाइट गेज (उंची मोजून रेघ मारायचं उभं माप) घेऊ नका. तोवर व्ही-ब्लॉक (गोल जॉब धरायचा खाचेचा ठोकळा) आणि जेनी कॅलिपर (कडेला समांतर रेघ मारायचा कंपास) यांवर पुष्कळ काम निघतं. गेज आल्यावर मात्र आपल्या उन्हाळ्याची आठवण ठेवा. मे महिन्यात टेम्पोतून उतरवलेली अॅल्युमिनियमची ३०० मिलिमीटरची प्लेट शेडपेक्षा २० अंशांनी गरम असली, तर ती सुमारे ०.१४ मिलिमीटरने वाढलेली असते. असा जॉब मी रात्रभर आत पडू देतो आणि सकाळी मार्किंगला घेतो.

आता राहायच्या खुणा. नंबर पंचाच्या (आकडे ठोकायच्या पंचाच्या) सेटमध्ये नऊच नग येतात, कारण ६ उलटा केला की ९ होतो. खाली भक्कम ऐरण आणि एकच नेमका ठोका हवा; दुसऱ्या ठोक्याने आकडा दुहेरी उठतो. चाकाच्या दात्यांच्या मुळाशी कधी ठोकू नका, तिथे आधीच ताण असतो. शाफ्टवर बेअरिंग बसते ती जागाही सोडा, पंचाभोवती धातू वर उचलला जातो.

कडक केलेल्या भागावर नंबर पंच मारलात तर पंचच बोथट होईल. तिथे विजेवर थरथरणारा एन्ग्रेव्हर घ्या, लग्नाच्या भांड्यांवर नाव घालणाऱ्यांकडे असतो तोच. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला शंभर ठोके देतो. त्याला कार्बाइडचंच टोक मागा. पितळी पाटीवर हाताने कोरायचं असेल तर चौकोनी हायस्पीड स्टीलचा ग्रेव्हर (कोरणी), तोंड ४५ अंशांचं, धार ऑइलस्टोनवर. तो नखावर हलकेच टेकवा. घसरला तर धार अजून लागलेली नाही.

लेझर विकत घ्यायची घाई नको, बाहेरून करून घ्या. उघड्या धातूवर फायबर लेझर चालतो, अॅक्रिलिक-लाकडाचा सीओटू लेझर त्यावर उमटत नाही. जॉब देताना त्याच धातूचा एक तुकडा सोबत न्या आणि आधी त्यावर अक्षर काढून बघा. स्टेनलेसवर काळी खूण हवी असेल, तर तो तुकडा चार दिवस ओल्या फडक्यात ठेवा. गंज दिसला नाही तरच पुढचे नग द्या.