संवाद लिहिताय? या चुका टाळा

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. पण विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणलं, तेव्हा पात्रांची भाषणं लिहिलेली नव्हती. पदं सूत्रधार म्हणायचा आणि नट आयत्या वेळी सुचेल ते बोलायचे. आता कथास्पर्धेचा गठ्ठा उघडला, की उलटंच दिसतं: संवाद भरपूर, पण बोलतंय कोण ते कळत नाही.

सगळ्यात जास्त घोळ ‘की’पाशी होतो.

आबा म्हणाले की, मी हळद यार्डात नेतो.

यातला ‘मी’ कोण? आबा, का गोष्ट सांगणारा? मराठीत ‘की’नंतरही बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच राहू शकतो, त्यामुळे प्रथमपुरुषी कथेत असं वाक्य हमखास घसरतं. शब्द आबांचेच असतील तर ‘की’ काढा:

आबा म्हणाले, “मी हळद यार्डात नेतो.”

आशय तुमच्या शब्दांत द्यायचा असेल तर अवतरणचिन्ह नको, सर्वनाम बदला: आबा म्हणाले, की ते स्वतः हळद यार्डात नेतील. ‘की’ही आणि अवतरणही, ही मला तरी अडगळच वाटते. स्वल्पविराम द्यायचाच तर ‘की’च्या आधी. नंतर दिलेला रोज छापून येतो, म्हणून तो बरोबर ठरत नाही.

आपल्या सांगलीकडच्या बोलण्यातला ‘की’ मात्र वेगळा. “बस की,” मामी म्हणाल्या. इथे ‘की’आधी स्वल्पविराम घालणारा मुद्रितशोधक पुण्याकडचा समजावा.

दुसरा घोळ अवतरण बंद करताना. पुराच्या दिवसांतलं, सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाबद्दलचं हे बोलणं बघा:

“आयर्विनला पाणी किती झालं?” तात्यांनी विचारलं.

“४० फूट. इशारा पातळी गाठली,” मी म्हणालो. “४५ला धोका.”

प्रश्नचिन्ह आलं, आता त्यापुढे स्वल्पविराम नको. ‘मी म्हणालो’च्या आधीचा स्वल्पविराम अवतरणाच्या आत. बोलणारा बदलला, तशी ओळ बदलली. मग दरवेळी ‘म्हणाला’ लागत नाही. पण प्रश्न लेखकाचा असेल तर चिन्ह बाहेर जातं: तात्या खरंच म्हणाले, “पाणी उतरतंय”? बोलण्यात दुसऱ्याचं बोलणं आलं तर आतलं एकेरी: “ती ‘येते’ म्हणाली आणि आलीच नाही.”

जोर देण्यासाठी दुहेरी अवतरण वापरू नका. पाटीवर “अस्सल” सांगली हळद असं लिहिलं, की गिऱ्हाईक आधी पुडी हुंगून बघतं.

जुना उतारा देताना त्याचं शुद्धलेखन सुधारायचा मोह होतो. केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य मूळाप्रमाणेच छापावं, असं साहित्य महामंडळाच्या नियमांतच आहे. मधलं गाळलं तर तीन टिंबं द्या, रांगोळी नको.

नाटकाच्या संहितेत अवतरणांची गरजच नाही: पात्राचं नाव, अपूर्णविराम (:), पुढे भाषण. फक्त मोबाइलवर अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग पडतो आणि ‘तात्या:’ऐवजी ‘तात्याः’ उमटतं. ते दुरुस्त करताना ‘सगळे बदला’ दाबू नका, नाहीतर ‘स्वतः’ आणि ‘दुःख’ यांचेही विसर्ग जातील.