ब्राउझरातला मजकूर वर्डमध्ये नीट कसा उतरवायचा

ग्रामसभेची नोटीस असो, केळीच्या पीक विम्याचं माहितीपत्रक असो की कॉलेजचा प्रकल्प, काम एकाच वाटेनं चालतं. ब्राउझरात मजकूर सापडतो, तो वर्डमध्ये चिकटवायचा आणि प्रिंट काढायची. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही गावच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात दिवसभर हेच चालतं. घोळ होतो तो चिकटवताना, आणि मग तासभर बॅकस्पेस दाबत बसावं लागतं.

वेबपेजवरून कॉपी केलं की नुसती अक्षरं येत नाहीत. फॉन्टचं नाव, आकार, रंग, मागची राखाडी पट्टी, ओळींमधलं अंतर, निळ्या लिंका असं सगळं लटांबर सोबत येतं. म्हणून पहिला नियम: कोरा मजकूर चिकटवा. नव्या वर्डमध्ये आणि गूगल डॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबा. जुन्या वर्डमध्ये हीच बटणं वेगळं काम करतात (कॉपी केलेली फॉरमॅटिंग लावतात), त्यामुळे तिथे राइट क्लिक करून पेस्ट ऑप्शन्समधलं ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ निवडा. क्लिपबोर्डवर ए अक्षर असलेलं चित्र ते हेच. लिब्रेऑफिस वापरत असाल तर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट, व्ही. यातलं काहीच आठवलं नाही तर मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाका, तिथून उचलून वर्डमध्ये आणा. पद्धत जुनी आहे, पण कधी दगा देत नाही.

आधीच चिकटवून बसला असाल तर कंट्रोल ए दाबून सगळं सिलेक्ट करा. कंट्रोल आणि स्पेसबारनं अक्षरांची सजावट जाते, कंट्रोल क्यूनं परिच्छेदाची. हायलायटरचा पिवळा रंग मात्र या दोन्हींना दाद देत नाही. तो होम टॅबमधल्या हायलायटच्या बटणातून ‘नो कलर’ करूनच काढावा लागतो. लिंका एका फटक्यात काढायच्या तर सगळं सिलेक्ट करून कंट्रोल, शिफ्ट, एफ९. लॅपटॉपवर सोबत एफएन लागू शकतं. यानं अनुक्रमणिकेसारखी आपोआप बदलणारी फील्डंही गोठतात, म्हणून हे काम सुरुवातीलाच उरकावं.

न दिसणाऱ्या खुणा

मजकूर कोरा झाला तरी आतल्या खुणा राहतात. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबा. जिथे स्पेस आहे तिथे मधोमध ठिपका दिसेल, परिच्छेद संपतो तिथे उलट्या पी-सारखी खूण, टॅब असेल तर उजवीकडे जाणारा बाण. खरा त्रास देणारी खूण वेगळीच: ओळीच्या शेवटी डावीकडे वळलेला बाण. वेबपेजवर ओळ तोडलेली असते, पण परिच्छेद संपलेला नसतो, त्याची ही खूण.

समजा नोटिशीत ‘अर्ज ग्रामपंचायत कार्यालयात द्यावेत’ ही ओळ आहे आणि तिच्या शेवटी तो वळलेला बाण आहे. तुम्ही मजकूर दोन्ही कडांना जुळवला, म्हणजे जस्टिफाय केला, की हे चार शब्द ताणून पानभर पसरतात आणि मध्ये बोटभर मोकळ्या जागा पडतात. कारण वर्डच्या लेखी परिच्छेद अजून चालू आहे, आणि जस्टिफायमध्ये परिच्छेदाची फक्त शेवटची ओळ ताणायची सोडली जाते. पुष्कळ जण इथे स्पेस काढत बसतात. स्पेसचा काही दोष नसतो.

उपाय असा: कंट्रोल एच दाबा, ‘मोअर’ उघडा. ‘फाइंड व्हॉट’मध्ये कर्सर ठेवून ‘स्पेशल’मधून ‘मॅन्युअल लाइन ब्रेक’ निवडा, ‘रिप्लेस विथ’मध्ये ‘पॅराग्राफ मार्क’ निवडा आणि ‘रिप्लेस ऑल’ करा. नंतर दोन पॅराग्राफ मार्कच्या जागी एक, हे दोन-तीनदा चालवा, म्हणजे रिकाम्या ओळी जातील. मजकुरात कविता किंवा पत्ता असेल तर आधी तेवढा भाग वेगळा काढून ठेवा. तिथे ओळ मुद्दामच तोडलेली असते.

दोन शब्दांमध्ये ठिपक्याऐवजी बारीक गोल दिसला तर ती न तुटणारी स्पेस आहे. वेबवरून ती भरमसाट येते आणि ओळी भलत्याच जागी तुटतात. याच रिप्लेसच्या खिडकीत ‘नॉनब्रेकिंग स्पेस’च्या जागी साधी स्पेस घाला. हीच स्पेस हवी तिथे उपयोगीही पडते: ‘ता. यावल’मधला ‘ता.’ एका ओळीत आणि ‘यावल’ खालच्या ओळीत जाऊ नये म्हणून मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेसबार दाबा.

बाजारभावाचा तक्ता कोरा चिकटवला तर आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर हे सगळे एका ओळीत टॅबनं वेगळे होऊन येतात. घाबरू नका. तेवढ्या ओळी सिलेक्ट करा, इन्सर्ट, टेबल, ‘कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल’, आणि खाली ‘टॅब्ज’ निवडा. स्पेसबारनं रकाने जुळवायच्या भानगडीत पडू नका. पडद्यावर जुळलेले रकाने फॉन्ट बदलला की विस्कटतात.

मराठी अक्षरं ऐकत नाहीत तेव्हा

आकार १४ केला तरी मराठी अक्षरं तेवढीच राहतात आणि इंग्रजी तेवढी मोठी होतात, ही तक्रार नेहमीची. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळा सांभाळतो. कंट्रोल डी दाबा. खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा वेगळा खण दिसेल, तिथे मंगल, निर्मला यूआय किंवा कोकिला यांपैकी फॉन्ट आणि आकार द्या. लिब्रेऑफिसमध्ये याच खणाला सीटीएल म्हणतात. मंगलमध्ये ओळींमधलं अंतर फार सुटतं. एका पानाची नोटीस दुसऱ्या पानावर दोन ओळींनी गेली तर आधी फॉन्ट बदलून बघा.

जुनी फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असेल तर मेलमध्ये चिकटवल्यावर ती इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसते. त्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, फॉन्ट गेला की मराठी गेली. ओळखायची सोपी खूण: एक शब्द सिलेक्ट करून फॉन्ट एरियल करा. मराठीच राहिला तर युनिकोड आहे, म्हणजे फाइलीत खरी मराठी अक्षरंच साठवलेली आहेत. इंग्रजी झाला तर जुना फॉन्ट, आणि तो फॉन्ट कन्व्हर्टरमधूनच काढावा लागेल. कन्व्हर्ट केल्यावर पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं डोळ्याखालून घालाच.

‘शेतकर्यांना’ असं छापलेल्या पाट्या गावोगाव दिसतात. बरोबर रूप ‘शेतकऱ्यांना’. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर (भारतीय भाषांची ठरलेली बटणरचना) शिफ्ट धरून जे, मग डी, मग प्रश्नचिन्हाचं बटण शिफ्टशिवाय, एवढंच. इनस्क्रिप्ट येत नसेल तर विंडोजमध्ये, २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून, मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, म्हणजे उच्चार इंग्रजी अक्षरांत टाइप केला की मराठी उमटते: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, मराठी, ऑप्शन्स, ॲड अ कीबोर्ड. भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेसबार. हे ‘ऱ्य’ दोन-तीन प्रकारे टाइप झालेलं असतं, म्हणून पानावर कंट्रोल एफनं शोधताना पूर्ण शब्द नेहमी सापडेलच असं नाही. नुसतं ‘शेतक’ शोधा.

अहिराणी लिहिणाऱ्यांसाठी एक. वर्डमध्ये मराठीची शुद्धलेखन तपासणी चालू असेल तर ‘मन्हा’, ‘शाया’, ‘डोया’ अशा शब्दांखाली लाल नागमोडी रेघा उमटत राहतात. चूक तुमची नाही. बोलीतला भाग सिलेक्ट करा, रिव्ह्यू, लँग्वेज, ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’ आणि ‘डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर’वर टिक. ‘चेंज ऑल’ला तर हातही लावू नका, ते अख्खी अहिराणी प्रमाण मराठीत ढकलू बघेल.

पीडीएफमधून मराठी कॉपी केली की काना-मात्रा इकडेतिकडे होतात, कारण पीडीएफमध्ये अनेकदा अक्षरांऐवजी त्यांचे आकार साठवलेले असतात. फाइल गूगल ड्राइव्हवर चढवा, राइट क्लिक, ओपन विथ, गूगल डॉक्स. मराठी चांगली वाचली जाते. फाइल २ एमबीच्या आत आणि स्कॅन सरळ असावं.

वर्डची गरजच नसेल तर थेट ब्राउझरातून कंट्रोल पी. कागद ए४ आहे ना ते बघा, बऱ्याचदा तिथे लेटर असतं आणि खालची ओळ कापली जाते. ‘हेडर्स अँड फूटर्स’वरची टिक काढली की कोपऱ्यातली तारीख आणि लांबलचक पत्ता जातो. जाहिराती नको असतील तर फायरफॉक्स किंवा एजमध्ये आधी एफ९ दाबा. त्या पानाला हे वाचनाचं दृश्य चालत असेल तर नुसता लेख उरतो.

उन्हाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. वर्डची आपोआप सेव्ह होण्याची वेळ मुळात १० मिनिटं असते. फाइल, ऑप्शन्स, सेव्हमध्ये जाऊन ती २ करा. सरकारी पोर्टलवरच्या अर्जात लांब मजकूर थेट लिहू नका. आधी वर्डमध्ये लिहून सेव्ह करा, मग चिकटवा, म्हणजे सेशन संपलं तरी मेहनत वाया जात नाही. वीज आल्यावर ब्राउझर उघडून कंट्रोल, शिफ्ट, टी दाबलं की बंद पडलेले टॅब बहुधा परत येतात, पण अर्जात भरलेलं परत येईल याची खात्री नाही.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम करत असाल तर क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट, पी दाबून खाजगी खिडकी उघडा. ती बंद केली की लॉगिन आणि हिस्ट्री जाते, डाउनलोड केलेली फाइल मात्र जात नाही. आधार कार्ड, सातबारा, उत्पन्नाचा दाखला यांच्या पीडीएफ डाउनलोड्स फोल्डरात तशाच पडून असतात. खिडकी बंद करण्यापूर्वी कंट्रोल जे दाबून यादी बघा, तिथून फोल्डर उघडा आणि आपल्या फाइली शिफ्ट धरून डिलीट करा. नुसतं डिलीट केलं तर त्या रिसायकल बिनमध्ये जाऊन बसतात.