भावंडांचा फोटो: मोठीचा चेहरा सॉफ्ट का आला

तुम्हाला कॅमेरा धरता येतो, ऍपर्चर-शटर कळतं, लग्नात दोन-चार सीझन लाईट धरून झालेत, असं समजूनच लिहिते आहे. लहान भावंडांचे फोटो घ्यायला लागाल तेव्हा माझ्यासारखी रात्र तुमच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस. रावेरकडच्या एका गावात लेकी माहेरी आलेल्या, अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला. मोठी पाच वर्षांची, भाऊ आठ महिन्यांचा. त्यांच्या आजोबांना, आबांना, दोघांची बारा बाय अठरा इंचांची फ्रेम हवी होती. मी ३१२ फोटो काढले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळे झकास दिसत होते. रात्री जळगावला येऊन कम्प्युटरवर उघडले आणि पोटात गोळा आला. बाळाच्या पापण्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट, आणि त्याच्या मागे मोठीचा चेहरा धुक्यातून बघावा तसा. एकही फोटो सुटला नव्हता. मी कितीतरी वेळ नुसती बसून होते.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळे इथेच अडकतात. मी क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ५० एमएमची लेन्स १.८ ऍपर्चरवर उघडी ठेवून दोन मीटरवरून फोटो घेत होते. या हिशेबात स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ११ सेंटीमीटरचा असतो, तोही फोकसच्या पुढे निम्मा आणि मागे निम्मा. बाळ मोठीच्या मांडीवर बसलं की त्याचा चेहरा आणि तिचा चेहरा यांत सहज एक वीत अंतर पडतं. म्हणजे बाळाच्या डोळ्यावर फोकस बसला की मोठी पट्ट्याच्या बाहेर गेलीच. कॅमेऱ्याचा चेहरा ओळखणारा फोकस बहुतेक वेळा जवळचा, मोठा दिसणारा चेहरा धरतो. म्हणजे दर वेळी बाळच.

नुसतं ऍपर्चर ५.६ केलं तरी दोन मीटरवर पट्टा साधारण ३४ सेंटीमीटर होतो. मागच्या बाजूला सतराच मिळाले, म्हणजे काठावर पास. त्यापेक्षा आधी मागे सरका. तीन मीटरवर गेलात की ५.६ ला पाऊण मीटरच्या आसपास पट्टा मिळतो, ४ ला सुद्धा अर्धा मीटर. एक-दोन पावलांचा फरक आहे, पण त्यावर सगळं अवलंबून आहे. मग चेहरे एका रेषेत आणा. बाळाला मांडीवर पुढे न ठेवता बाजूला बसवा, मोठीला म्हणा, त्याच्या कानात काहीतरी सांग. ती वाकली की दोन्ही चेहरे आपोआप एका पातळीत येतात. आणि दर दहा फोटोंनी एकदा स्क्रीनवर झूम करून मोठीचे डोळे बघा. बाळाचे नाही, मोठीचे.

ऍपर्चर बारीक केलं की उजेड कमी पडणार. पडू द्या, आयएसओ ८००, १६०० वर न्या. शटर १/२५० च्या खाली आणू नका, मुलं रांगती-पळती असतील तर १/५००. आयएसओ वाढवल्याने फोटोत येणारा दाणा कुणाच्या आजीला दिसत नाही. नातीचा पुसट चेहरा दिसतो.

पण त्या रात्री मला जे जास्त लागलं ते वेगळंच होतं. तिचा चेहरा जिथे थोडाफार स्पष्ट होता तिथेही ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती. झालं का, असं विचारणारा चेहरा. अर्धा तास मी खुळखुळा वाजवला, टाळ्या पिटल्या, पण सगळं बाळासाठी. तिच्याशी मी बोलले ते एवढंच: "नीट धर त्याला", "हलू नको", "तू मोठी आहेस ना?" हे शेवटचं वाक्य तर तोंडातून काढूच नका. घरात बाळ आल्यापासून ते पोर दिवसातून दहा वेळा हेच ऐकत असतं.

म्हणून आता माझा क्रम ठरलेला आहे. पहिली दहा मिनिटं फक्त मोठ्या मुलाची. त्याचे एकट्याचे फोटो काढायचे, कॅमेऱ्यातून बघू द्यायचं. आपल्याकडची पोरं जवळ येऊन "ताई, हाई काय शे?" (हे काय आहे?) विचारतात, तेव्हा लेन्स लपवू नका, दाखवा. मग त्यालाच विचारायचं, बाळ कशाने हसतं? प्रत्येक भावंडाला हे ठाऊक असतं, आणि ते आपल्या खुळखुळ्यापेक्षा शंभर पट चालतं.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. कॅमेऱ्यामागे मोबाइलवर कार्टून लावून धरू नका. मुलांची तोंडं उघडी राहतात, नजर स्क्रीनला चिकटते आणि दोघं शेजारी बसूनही एकमेकांपासून लांब दिसतात. दुसऱ्या फोटोतलं डोकं उचलून इथे बसवायचं, हे एखाद्या वेळी करावं लागतं, मीही केलंय. पण त्याच्या भरवशावर फोटो काढायला लागलात की तुम्ही बघायचंच सोडून देता. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते म्हणायचे, "खटाखट काढ, शंभरात एक येतोच." लग्नात येतोही. पाच वर्षांचं पोर शंभराव्या फोटोपर्यंत थांबत नाही.

दोन दिवसांच्या वर्कशॉपला पैसे भरण्याआधी एकदा चाळीसगावला जा. स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय झालंय. १९८९ मध्ये ते गेले, त्याआधीची कित्येक दशकं त्यांनी जवळजवळ त्याच घरात काढली. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी उभी केलेली दृश्यं बघा, उजेड कुठून येतोय आणि कुठे थांबलाय ते बघा. आपल्या टेबलावर जिवंत मुलं आहेत, ती मांडून ठेवता येत नाहीत. पण तेवढं थांबणं शिकता येतं.

केळीच्या बागेत फोटो काढायचा हट्ट आपल्याकडे सगळेच करतात. बागेच्या आत गेलात की पानांचा हिरवा उजेड गालांवर चढतो, आणि तो एकाच बाजूने येत असल्याने व्हाइट बॅलन्स बदलून पुरता जात नाही. बांधाच्या कडेला, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून बसवा, बाग मागे राहू द्या. आणि केळीच्या चिकापासून कपडे सांभाळा. तो काळा डाग निघत नाही, आणि नवा फ्रॉक खराब झाला की पुढचा सगळा वेळ गेलाच म्हणून समजा. वेळेचं तर सांगायलाच नको. आखाजीच्या दिवसांत दुपारी पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा सकाळी साडेसहा ते साडेसात, नाहीतर संध्याकाळी सहानंतर.

अगदी तान्हं बाळ असेल तर मात्र माझं ऐकाच. मान न धरणारं बाळ उभ्या भावंडाच्या हातात कधीही देऊ नका, आजी कितीही म्हणो "काही होत नाही". दोघांना जमिनीवर गादीवर शेजारी झोपवा, हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस बसवा आणि वरून फोटो घ्या. दोन्ही चेहरे सारख्या अंतरावर येतात, फोकसचा प्रश्नही मिटतो. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात हवाच. खाली बाळ आहे.

आणि सगळं करूनही कधी एकच फोटो मिळेल. घाबरू नका. घरच्यांना तीस फोटो नको असतात.

आबांना मी दुसऱ्या दिवशी फोन करून खरं सांगितलं, की चूक माझी आहे, मोठीचा चेहरा नीट आला नाही. ते म्हणाले, "मग परत ये बेटा, पोरं काय पळून चालली का?" पुढच्या रविवारी स्वखर्चाने गेले. मोठीला विचारलं, हा कशाने हसतो? तिने मावशीची ओढणी डोक्यावरून घेतली, बाळाशेजारी गुडघ्यांवर बसली आणि ओढणी बाजूला करून "भोऽऽ" केलं. बाळ खदखदून हसलं, त्याला बघून ती हसली. ५.६, १/२५०, आयएसओ ८००, अंतर तीन मीटर. बाळाचा एक हात हललाय, ओढणीचं टोक फ्रेमच्या बाहेर गेलंय. आबांनी तोच निवडला.